‘ओटी’ला नेताना: बटण, अक्षर आणि घरची 15 मिनिटं

प्रश्न थोडक्यात असा. कोरेगाव तालुक्यातलं गाव, मुलगा साडेसात वर्षांचा, जिल्हा परिषदेच्या शाळेत दुसरीत. तोंडी विचारलं की सगळं सांगतो, पण वहीतलं अक्षर त्याचं त्यालाही वाचता येत नाही. शर्टाची बटणं अजून आई लावते, भाकरी आजी मोडून देते, पळताना धडपडतो, आणि फळ्यावरचं उतरवून होईपर्यंत मधली सुट्टी होते. साताऱ्याच्या बालरोगतज्ज्ञांनी ‘ओटी’, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपी, लिहून दिली आहे. आठवड्यातून एकदा 45 मिनिटं. वर एसटीचं भाडं आणि आईचा बुडणारा रोज. याचा खरंच उपयोग होतो का, आणि घरी काय करायचं? सोबत दुसरा प्रश्न चुलत बहिणीचा: वय 14, बौद्धिक दिव्यांग. तिला या वयात नेऊन काही फायदा आहे का?

उपयोग होतो, पण एका अटीवर. ज्या कामाचा सराव होतो, तेच काम सुधारतं. मणी ओवून मणी ओवता येतात, त्यानं अक्षर सुधारत नाही. प्लास्टिकची माती मळून बोटांना ताकद येते, तरी बटण जिथल्या तिथंच राहतं. ही गोष्ट पक्की धरली की कोणत्या सत्रावर पैसे खर्च करायचे आणि कोणत्या नाही, हे तुमचं तुम्हालाच कळेल.

आधी नावाचा घोळ. ऑक्युपेशनल थेरपीला मराठीत व्यवसायोपचार म्हणतात. ‘व्यवसाय’ म्हटलं की धंदा-नोकरी डोळ्यापुढं येते आणि पालक विचारतात, सात वर्षांच्या पोराला कसला व्यवसाय? इथं त्याचा अर्थ रोजची कामं: जेवण, कपडे, शौच, लिहिणं, खेळणं. फिजिओथेरपी मुख्यतः सांधे, स्नायू, चालणं पाहते. ओटी पाहते ती त्या हातापायांनी होणारी कामं. भारतात या शिक्षणाची सुरुवात 1950 मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात कमलाबाई निंबकर यांनी केली. तुमच्याच जिल्ह्यात, फलटणला, त्यांच्या नावाची शाळा आहे: कमला निंबकर बालभवन. नाव ऐकलेलं असतं, पण त्या बाईंचा आणि ‘ओटी’चा संबंध फार थोड्यांना माहीत असतो.

थेरपिस्टची पदवी बीओटीएच आहे ना आणि महाराष्ट्र राज्य व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषदेची नोंदणी आहे ना, हे पहिल्याच दिवशी विचारा. विचारण्यात संकोच नको. चार दिवसांचा कोर्स करून ‘थेरपिस्ट’ची पाटी लावणारेही आहेत.

थेरपी सुरू करण्याआधी काही तपासण्या व्हायलाच हव्यात. डोळे तपासले नसतील तर आधी ते करा. फळ्यावरचं उतरवायला वेळ लागतो याचं कारण कधी कधी नुसता चष्मा असतो. कान आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या. पुढची गोष्ट मुलग्यांत विशेष महत्त्वाची. जमिनीवरून उठताना तो स्वतःच्या गुडघ्या-मांड्यांवर हात टेकत टेकत वर येतो का? पोटऱ्या जास्तच भरलेल्या आणि टणक दिसतात का? जिना चढणं पूर्वीपेक्षा जड जातंय का? यातलं काही असेल तर ओटीची वाट न बघता बालरोगतज्ज्ञांना तेवढं एक वाक्य सांगा. ते रक्तातलं सीपीके (स्नायूंना इजा झाली की वाढणारा घटक) तपासायला सांगतील, कारण स्नायूंचा आजार असाच सुरू होतो. आधी येत असलेली गोष्ट येईनाशी झाली, एकच हात मागे पडू लागला, किंवा जेवताना दर वेळी ठसका लागतो, तर तेही डॉक्टरांचंच काम. अशा वेळी घरच्या व्यायामात एक दिवसही घालवू नये.

हे सगळं ठीक निघालं, बुद्धी चांगली आहे आणि तरी हात ‘ऐकत’ नाहीत, तर डीसीडीचा विचार होतो, म्हणजे हालचालींचा मेळ बसवण्यातली विकासात्मक अडचण. शाळकरी मुलांत हे शंभरात पाच-सहा जणांना असतं, म्हणजे 30-40 पोरांच्या वर्गात एखाद-दुसरं मूल. निदान डॉक्टरांनी करायचं, आणि सहसा पाच वर्षांच्या आत करत नाहीत. तुमच्यासाठी यातली कामाची गोष्ट एवढीच की पोरगं मुद्दाम करत नाही. ‘काल आलं होतं, आज का येत नाही?’ याचं उत्तर त्याच्याकडेही नसतं. काल जमलेली हालचाल त्याला आज नव्यानं जुळवावी लागते.

पहिल्या भेटीत थेरपिस्टनं मुलाला प्रत्यक्ष लिहिताना, बटण लावताना, खाताना पाहायला हवं. नुसता चेकलिस्टचा कागद भरून घेतला आणि झोक्यावर बसवलं, तर विचारा की ध्येय काय धरलंय. ‘सूक्ष्म हालचाली सुधारणे’ हे ध्येय नव्हे, ते कधी गाठलं हे कुणालाच कळत नाही. ‘शाळेच्या शर्टाची खालची चार बटणं 3 मिनिटांत स्वतः लावणे’ याला ध्येय म्हणतात. अशी दोन, फार तर तीन ठरवा. प्रत्येकाला आज 1 ते 10 पैकी किती गुण, हे आईनं आणि मुलानं वेगवेगळे द्यायचे. 8 ते 10 सत्रांनंतर पुन्हा द्यायचे. दोन गुणांची वाढ म्हणजे गाडी योग्य रस्त्यावर आहे. वाढ नसेल तर पद्धत बदलायची, नुसती सत्रं वाढवायची नाहीत.

आता बटण. शाळेच्या नव्या शर्टाचं काज शिंप्यानं घट्ट ठेवलेलं असतं आणि कापडाला खळ असते. मोठ्या माणसालाही ते लावताना अंगठा दुखतो. शर्ट दोन-तीनदा धुवून मऊ करा. शिंप्याकडून काज 2 मिलिमीटर वाढवून घ्या. बटण कापडाला चिकटून न शिवता दोऱ्याचा 3 मिलिमीटरचा देठ ठेवून शिवायला सांगा, म्हणजे चिमटीत धरायला जागा मिळते. एवढ्या दहा-वीस रुपयांच्या कामानं अर्धी अडचण जाते. याला लाड म्हणत नाहीत. कामातली जी अडचण काढता येते ती आधी काढायची, हा आमच्या ओटीच्या धंद्याचा पहिला धडा.

शिकवायचं उलट्या क्रमानं. मुलग्यांच्या शर्टाला बटणं उजवीकडे आणि काजं डावीकडे. म्हणून डावा हात काजाची कड धरतो, उजवा बटण कडेवर उभं धरतो, बटणाची अर्धी कड काजातून घुसते, डाव्या हाताची चिमटी ती पुढून पकडते आणि मग बटण एकीकडे, कापड दुसरीकडे ओढलं की काम झालं. पहिल्या आठवड्यात यातलं सगळं तुम्ही करायचं, शेवटचं ओढणं तेवढं त्यानं. बटण ‘टप’ करून बाहेर येतं तेव्हा काम त्यानं पुरं केलेलं असतं. सुरुवातीपासून शिकवलं तर प्रत्येक वेळी शेवट तुमच्या हातून होतो आणि त्याच्या वाट्याला फक्त हरणं येतं. पाचपैकी चार वेळा जमलं की त्याआधीची पायरी त्याच्याकडे: पुढून पकडणं आणि ओढणं. असं मागं मागं यायचं.

इथं दोन चुका घरोघरी होतात. पहिली: आई समोर बसून शिकवते. समोरून सगळं उलटं दिसतं, आईचा उजवा तो त्याचा डावा. त्याला पुढ्यात घ्या, मागून दोन्ही बाजूंनी हात पुढे आणा, म्हणजे तुमचे हात त्याच्या हातांच्याच दिशेनं चालतात. दुसरी: सकाळी शाळेच्या गडबडीत शिकवणं. घंटा व्हायला 10 मिनिटं असताना कुणालाच बटण येत नाही. संध्याकाळी हातपाय धुऊन कपडे बदलताना घ्या. सकाळी तुम्ही लावून दिलीत तर काही बिघडत नाही. सुरुवात पोटाजवळच्या, डोळ्यांना दिसणाऱ्या बटणापासून. गळ्याजवळचं सर्वांत शेवटी; ते न बघता लावावं लागतं. आजोबांच्या जुन्या स्वेटरची मोठी बटणं मांडीवर ठेवून आधी करायला हरकत नाही, पण तिथं रेंगाळू नका. दोन-तीन दिवसांत अंगातल्या शर्टावर या, कारण मांडीवरचं बटण आणि छातीवरचं बटण ही हाताच्या दृष्टीनं वेगवेगळी कामं आहेत.

भाकरीचं थोडक्यात: गरम पापुद्र्याची भाकरी एका हातानं मोडणं अवघड, दोन हातांनी सोपं. ताटात न मोडता दोन्ही हातांत धरून चतकोर करू द्या, मग चतकोराचे तुकडे. ताट सरकतं म्हणून खाली ओला फडका. डावा हात मांडीवर पडून राहत असेल तर त्याला सारखी आठवण करण्याऐवजी त्याला काम द्या: ताट धरणं.

लिहिण्यावर जरा थांबावं लागेल.

आधी बसणं. जिल्हा परिषद शाळेत आणि घरीही मुलं सतरंजीवर बसून, वही मांडीवर किंवा जमिनीवर ठेवून, ओणवी होऊन लिहितात. ज्या मुलाचं धड मुळात ढिलं आहे, त्याचा डावा हात जमिनीवर टेकून अंग सावरण्यात जातो, मग वही धरायला हात उरत नाही, वही फिरते, अक्षर उतरंडीला लागतं. ढुंगणाखाली 8-10 सेंटीमीटर उंचीचा पाट द्या, पाठ आपोआप सरळ होते. समोर बैठं डेस्क. त्याची उंची कोपराच्या पातळीला किंवा 2-3 सेंटीमीटर वर. लिहायची जागा उतरती हवी: 40 सेंटीमीटर खोलीच्या फळीची पलीकडची कड 14 सेंटीमीटर उचलली की साधारण 20 अंशांचा उतार मिळतो. खाली पुस्तकांचा गठ्ठा चालतो, वही घसरू नये म्हणून अलीकडच्या कडेला पट्टी ठोका. उतारामुळं मनगट मागं वळतं, आणि मनगट मागं वळलं की बोटं मोकळी चालतात. टेबल-खुर्ची असेल तर पाय लोंबकळू देऊ नका. खाली विटा किंवा पाट ठेवून तळवे टेकवा. पाय मागं फाकून बसायची सवय असेल तर ओरडू नका, बसायला स्टूल द्या.

पेन्सिल धरण्यावरून घरात फार भांडणं होतात. अंगठा, तर्जनी, मधलं बोट ही पकड उत्तम. अंगठ्यासमोर तीन बोटं असलेली पकडही तितकीच चालते. सात वर्षांनंतर पकड घट्ट बसलेली असते. हात दुखत नसेल आणि अक्षर वाचता येत असेल तर तिच्या मागं लागू नये. बदलायचीच असेल तर सांगून होत नाही, वस्तू बदलावी लागते: 5 सेंटीमीटरचं पेन्सिलीचं थुटूक, किंवा पाटीवर खडूचा 2 सेंटीमीटरचा तुकडा. एवढ्याशा तुकड्याला मूठ बसतच नाही. रांगोळीची चिमूट हाही चांगला सराव, बोटं आपसूक तशीच येतात. जोर फार लावून कागद फाडत असेल तर वहीखाली कार्बन आणि कोरा कागद ठेवून ‘खालच्या कागदावर उमटलं नाही तर तू जिंकलास’ असा खेळ करा. उलट फिकट लिहीत असेल तर 2बी पेन्सिल. डावखुरा असेल तर वहीचा वरचा भाग उजवीकडे कलता, पेन्सिल टोकापासून 3 सेंटीमीटर वर धरलेली, आणि शेजारच्याला कोपर लागू नये म्हणून रांगेच्या डाव्या टोकाला जागा. हात बदलायला लावू नका.

आता अक्षरं. बाजारातली आणि मोबाइलवर फिरणारी बहुतेक सरावपत्रकं इंग्रजीसाठी केलेली असतात. इंग्रजी अक्षर खालच्या रेघेवर बसतं, देवनागरी वरच्या रेघेला लोंबतं. दुसरीतल्या मुलाला एका तासाला खालची रेघ पाळायची आणि दुसऱ्या तासाला वरची. ज्याला जागेचा अंदाज आधीच कमी आहे, त्याचा इथं पार गोंधळ उडतो. मराठीसाठी दुरेघी वही घ्या आणि वरची रेघ हिरव्या स्केचपेननं गडद करा. ती बोटाला कळावी असं वाटलं तर फेव्हिकॉलची बारीक धार त्या रेघेवर सोडून वाळू द्या. पेन्सिल तिथं अडते आणि सुरुवात कुठून करायची हे हातालाच समजतं.

वर्णमालेच्या क्रमानं शिकवू नका. हाताची हालचाल ज्यांत सारखी, ती अक्षरं एकत्र: ग म भ न, मग व ब क, मग प ष फ, ट ठ ढ. एका वेळी दोनच. दंड नेहमी वरून खाली. दंड खालून वर काढणारी मुलं बरीच असतात, आणि मग आधीचा गोल आणि दंड यांच्यात फट राहते, ‘ग’ दोन तुकड्यांत पडतो. तयार अक्षर बघून हे कळत नाही, लिहिताना पाहावं लागतं. म्हणून त्याच्या खांद्यावरून बघा, वही मागून तपासून उपयोग नाही.

शिरोरेषा प्रत्येक अक्षरावर वेगळी नको, शब्द पुरा झाल्यावर एकदाच. दोन फायदे: वेळ वाचतो, आणि दोन शब्दांमधली जागा डोळ्यांना दिसते. काही शिक्षक सोपं जावं म्हणून शिरोरेषाच सोडायला सांगतात. सुरुवातीच्या सरावाला ठीक, पण कायम नको, कारण ‘ध’ आणि ‘घ’, ‘भ’ आणि ‘म’ यांत शिरोरेषा कुठं तुटते यावरच वाचणाऱ्याची मदार असते. वेलांटीत आणखी एक गोम आहे. पहिली वेलांटी ऐकू येते अक्षरानंतर आणि लिहायची अक्षराआधी. ‘कि’ लिहिताना मूल आधी ‘क’ काढतं, मग आठवतं, मग डावीकडे सापटीत दंड कोंबतं. अशा मुलाला पहिले काही दिवस ओळीवर ठिपका देऊन ‘इथं दंड, मग अक्षर, मग वरून कमान’ असं तोंडानं म्हणत लिहू द्या. काम करताना पायऱ्या मोठ्यानं बोलणं हा डीसीडीच्या मुलांसाठी चांगला सिद्ध झालेला उपाय आहे: काय करायचं ते ठरव, कसं ते सांग, कर, जमलं का ते बघ. तपासणारा तोच. तुम्ही लाल पेन घेऊ नका.

रोज किती? 15 मिनिटं, आठवड्यातून 5 दिवस, 4 आठवडे, म्हणजे 20 वेळा. हा आकडा उगाच नाही: अक्षरावरच्या अभ्यासांत 20 पेक्षा कमी सत्रांचे, किंवा ज्यांत प्रत्यक्ष लिहिणं नव्हतं असे कार्यक्रम निरुपयोगी ठरले आहेत. पहिलं मिनिट बसण्याचं. 4 मिनिटं ती दोन अक्षरं: आधी पाटीवर मोठी, भिंतीला टेकवलेल्या पाटीवर असतील तर आणखी चांगलं, मग वहीत. 7 मिनिटं त्या अक्षरांचे शब्द. उरलेल्या 3 मिनिटांत त्यानं स्वतःच्या अक्षरांतलं सर्वांत चांगलं शोधून त्याला गोल करायचा. बस. सोळावं मिनिट नको, आणि चुकलं म्हणून 10 वेळा लिही हे तर अजिबात नको. दहाव्या वेळचं अक्षर पहिल्यापेक्षा वाईटच येतं आणि सराव त्या वाईटाचा होतो.

मोजायचं असं. दर दोन आठवड्यांनी एकदा हीच ओळ बघून लिहायला द्या: ‘भरत घर बघ. बस धर. मदन वर चढ. पळ.’ बरोबर 20 अक्षरं आहेत आणि गोंधळाच्या जोड्या त्यात आल्या आहेत. मोबाइलवर वेळ लावा. मग कागदाला भोक पाडून एकेक अक्षर तेवढं उघडं ठेवा आणि घरातल्या ज्या माणसाला ही ओळ माहीत नाही त्याला वाचायला सांगा. 20 पैकी किती ओळखली आणि किती सेकंद लागले, दोन्ही तारखेसह लिहून ठेवा. सुरुवातीला अक्षर सुधारतं तेव्हा वेग थोडा पडतो. तो पडू द्या. सहा-आठ आठवड्यांनी दोन्ही आकडे जिथल्या तिथं असतील तर तो कागद घेऊन थेरपिस्टला विचारा.

मग शेंगा फोडणं, मटार सोलणं, कणीक मळणं, कपडे पिळणं, चिमटे लावून ते वाळत घालणं, तांदूळ निवडणं, हे बंद करायचं का? मुळीच नाही. हाताला ताकद आणि अंगाला टिकाव येतो, घरात कामाचा माणूस म्हणून त्याची पत वाढते. मार्केटमधल्या ‘थेरपी किट’पेक्षा सुपातल्या शेंगा केव्हाही सरस. फक्त ते अक्षराच्या 15 मिनिटांच्या बदल्यात नको.

झोके, वजनाची जॅकेटं आणि ब्रशनं अंग घासणं यांच्याविषयी तुम्ही विचारलेलं नाही, पण दवाखान्यात ते दिसेलच. काही मुलांना स्पर्श, आवाज, उंची खरोखर सहन होत नाही: केस कापताना किंचाळतात, शर्टाचं लेबल टोचतं, मिक्सर लावला की कान दाबून पळतात. त्यांच्या अडचणी खऱ्या आहेत. पण उपाय बहुतेक वेळा साधा असतो: लेबल कापा, मिक्सर लावण्याआधी सांगा, गणपतीच्या मिरवणुकीत ढोल-ताशापासून लांब उभे राहा आणि कानाला आवाज अडवणारं कानकव्हर द्या. वजनाच्या जॅकेटचा किंवा ब्रशिंगचा फायदा होतो असा भरवशाचा पुरावा नाही. झोक्यावर मूल खूश होतं, थेरपिस्टशी गट्टी जमते, ते चांगलंच आहे. मात्र 45 पैकी 40 मिनिटं झोक्यावर जात असतील तर बटण कधी लागणार, एवढं विचारा.

आठवड्याची फेरी परवडत नसेल तर थेरपिस्टशी सरळ बोला: पहिली चार सत्रं दर आठवड्याला, मग पंधरा दिवसांनी, मधल्या काळात घरचा सराव आणि त्याचे व्हिडिओ. बहुतेकजण तयार होतात. सरकारी वाटही आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत वर्षातून एकदा आणि अंगणवाडीत दोनदा तपासणीला येतं, ते पुढं डीईआयसीकडे, म्हणजे जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवू शकतं. शिवाय पंचायत समितीच्या गट साधन केंद्रात समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक असतात. मुख्याध्यापकांमार्फत त्यांना शाळेत बोलवा.

गुरुजींकडे किंवा बाईंकडे मागायचं ते नेमकं मागा. ‘जरा लक्ष द्या’ म्हटल्यानं काही होत नाही. पुढची जागा, फळ्यावरच्या मजकुराऐवजी शेजारी ठेवलेल्या पुस्तकातून उतरवणं, दहा वाक्यांऐवजी चार, बाकी उत्तरं तोंडी, आणि अक्षराचे गुण वेगळे, उत्तराचे वेगळे. अध्ययन अक्षमतेच्या प्रमाणपत्रासाठी आत्ता धावपळ करू नका, आठ वर्षांच्या आधी ते देत नाहीत. पुढं डिसग्राफिया, म्हणजे लिहिण्यातली अध्ययन अक्षमता, ठरला तर दहावी-बारावीच्या परीक्षेतही जादा वेळ आणि लेखनिक या सवलती मिळतात, 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमता 21 प्रकारांत धरलेली आहे.

आता चुलत बहिणीचं. 14 हे वय उशिराचं नाही, फक्त ध्येयं बदलतात. तिला आता ठोकळे आणि मणी देऊ नयेत. बघितलं की वाईट वाटतं. तिच्यासाठी चार कामं: पाळी, स्वयंपाकघर, पैसे, प्रवास. पाळी आली असेल वा नसेल, पॅड बदलणं कोरड्या दिवसांत शिकवा. चड्डीच्या मध्यभागी पॅडच्या आकाराची रेघ रंगीत दोऱ्यानं शिवा, म्हणजे कुठं चिकटवायचं हा प्रश्न मिटतो. वापरलेलं पॅड ओळखायला एका पॅडवर लाल खाण्याचा रंग टाकून दाखवा. न्हाणीघराच्या दारामागं सहा चित्रं ओळीनं लावा: दार लाव, काढ, गुंडाळ, डब्यात टाक, नवं लाव, हात धू. वेळ ठरवून बदलायला शिकवा, सकाळी उठल्यावर, शाळेतून आल्यावर, झोपताना आणि मधल्या सुट्टीत. ‘ओलं वाटलं की बदल’ हे तिला कळेलच असं नाही. हे आईनं किंवा काकूनं शिकवायचं, आणि त्याच वेळी अंगाला कोण हात लावू शकतं, कोण नाही, हेही.

चहा करायला गॅसची भीती वाटत असेल तर इंडक्शनवर सुरू करा. पातेल्याच्या आत दोन कपांच्या उंचीवर खूण करून घ्या, साखर-पत्तीसाठी प्रत्येक डब्यात स्वतःचा चमचा. पैशांसाठी ‘एक जास्त’ ही पद्धत: दुकानदारानं 23 सांगितले तर दहा-दहाच्या दोन आणि वर एक, अशा तीन नोटा. सुट्ट्यांचा हिशेब येत नसला तरी दुकानात एकटी जाता येतं. एसटीसाठी आधी तुम्ही शेजारी, मग एक सीट मागं, मग थांब्यावर निरोप आणि पुढच्या थांब्यावर दुसरं कुणी घ्यायला. खिशात पत्ता-फोनचं कार्ड आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र; काढलं नसेल तर ते काढायचं काम मात्र या महिन्यातच करा.

मुलाच्या पुढच्या सत्राला जाताना पिशवीत त्याचा शाळेचा शर्ट, बूट, गेल्या आठवड्याची मराठीची वही आणि डब्यात अर्धी भाकरी घ्या. मोबाइलमध्ये तीस-तीस सेकंदांचे दोन व्हिडिओ: एक तो लिहिताना, बाजूनं काढलेला, म्हणजे पाठ आणि मनगट दिसेल, दुसरा बटण लावताना, फक्त हातांचा. घरी तो कुठं आणि कसा बसतो, जमिनीवर की खाटेवर, त्याचाही एक फोटो. थेरपिस्टला दवाखान्यातलं टेबल दिसतं, तुमची सतरंजी दिसत नाही.